वाचक पाचपट वाढले असं वाटलं होतं: एका वाचनालयाची वेबसाइट आणि बॉटची गर्दी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं आहे, आणि त्याच्या वेबसाइटवर आलेल्या बॉटचं, म्हणजे माणसाशिवाय आपोआप पानं उघडत फिरणाऱ्या प्रोग्रामचं. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावं देत नाही आणि ओळख पटू नये म्हणून वाचनालयाचे आकडे गोल केलेत, बाकी घडलं तसंच लिहितोय. मी त्यांची वेबसाइट सांभाळतो, पगारी नाही, लहानपणी आठवड्याला दोन पुस्तकं तिथूनच घरी यायची म्हणून.

वाचनालय शंभर वर्षांहून जुनं, तालुका 'अ' वर्ग, शासनाचं अनुदान आणि सभासदांची वर्गणी यावर चालतं, आणि अनुदान वेळेवर येईलच असं नसतं. काही वर्षांपूर्वी ग्रंथपाल मॅडमनी हट्टाने दोन कामं सुरू केली. एक म्हणजे सगळा कॅटलॉग कोहामध्ये टाकायचा. कोहा ही फुकट मिळणारी सिस्टिम आहे, जगभरची ग्रंथालयं वापरतात. दुसरं म्हणजे कपाटाच्या तळाशी कसर लागत चाललेली जुनी पुस्तकं आणि मासिकं स्कॅन करायची, पण लेखक जाऊन साठ वर्षं उलटलीत आणि कॉपीराइट संपलाय अशीच, त्यात मॅडम फार काटेकोर. कॉलेजची दोन मुलं सुट्टीत येऊन स्कॅनिंग करायची आणि मॅडम प्रत्येक पान स्क्रीनवर बघून वाकडं आलेलं परत करायला लावायच्या. काही कागद इतका ठिसूळ झालेला की पान उलटताना कडेचा चुरा हातात यायचा, ते पान परत स्कॅन करणं शक्यच नव्हतं, जे आलं ते आलं.

कॅटलॉगमध्ये अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं आणि स्कॅन केलेली तीनशेच्या आसपास. हे सगळं भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर, ४ जीबी रॅम, त्याचे पैसे एक देणगीदार दरवर्षी द्यायचे. साइटच्या तळाला भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारा काउंटर होता आणि तोच आकडा दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या अहवालात जायचा.

अडचण कशी समोर आली

२०२४ च्या दिवाळीनंतर काउंटर पळायला लागला. सगळ्यांना आनंदच झाला, मलाही. मला वाटलं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरवली असेल, सुट्टीत लोक वाचत असतील. सेक्रेटरी काकांनी देणगीदारांना पत्र लिहिलं त्यात "वेबसाइटच्या वाचकसंख्येत पाचपट वाढ" असं वाक्य टाकलं, मला दाखवलं आणि मी "बरोबर आहे काका" म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त टोचतं ते हेच वाक्य, कारण ते खोटं होतं आणि खोटं आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

२७ फेब्रुवारी २०२५, मराठी भाषा गौरव दिन. वाचनालयाच्या हॉलमध्ये हायस्कूलची मुलं बसलेली, प्रोजेक्टर लावलेला, मॅडम मुलांना एका जुन्या मासिकाचा पहिला अंक पडद्यावर दाखवणार होत्या. साइट उघडली तर नुसतं चाक फिरतंय, मग पांढरं पान आणि त्यावर ५०३, म्हणजे सर्व्हर आत्ता उत्तर देऊ शकत नाही. मी पुण्याहून फोनवर सर्व्हर रीस्टार्ट करतोय, दोन मिनिटं चालतो की परत बंद. शेवटी मॅडम आत गेल्या, कपाटाची किल्ली घेतली आणि तो अंकच घेऊन आल्या, मुलांना एकेकाला जवळ बोलावून दाखवला. मुलं खूश झाली म्हणे, पण ज्या अंकाला हात लागू नये म्हणून आम्ही तो स्कॅन केला होता तोच अंक त्या दिवशी साठ मुलांच्या हाताखालून गेला.

पहिला निर्णय, जो चुकला

होस्टिंग कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की तुमचा ट्रॅफिक वाढलाय, मोठा प्लॅन घ्या. कार्यकारिणीने घाईत मंजुरी दिली, ८ जीबीचा प्लॅन, आणि फरकाचे पैसे पुस्तकांच्या बाइंडिंगसाठी ठेवलेल्या रकमेतून काढले. अकरा दिवस साइट छान चालली, बाराव्या दिवशी परत आडवी.

इथे मी थांबून लॉग बघायला हवा होता आणि मगच पैसे खर्च करायला हवे होते. लॉग म्हणजे सर्व्हरची वही, कोण कधी आलं, काय मागितलं, सगळं त्यात ओळीने लिहिलेलं असतं. ती वही मी उघडलीच नव्हती. आणि उघडली तेव्हा कळलं की होस्टिंगवर फक्त सात दिवसांचा लॉग राहतो, म्हणजे दिवाळीपासूनचा सगळा इतिहास कधीच पुसला गेलेला.

लॉगमध्ये काय दिसलं

रात्री साडेअकराला बसलो, एका तासाचा तुकडा वेगळा काढला आणि वाचायला लागलो. कुणीतरी आमच्या कॅटलॉगमध्ये शोध घेतलेला: विषय नाटक, भाषा मराठी, प्रकाशन साल १९६२, क्रम लेखकाच्या नावाचा उलटा, निकालाचं पान ४१७. पुढची ओळ, तोच शोध, क्रम फक्त सुलटा. पुढची, तोच शोध पण साल १९६३. प्रत्येक ओळीला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, वेगळा, एक ब्राझीलचा, एक व्हिएतनामचा, एक सिंगापूरचा, आणि प्रत्येकजण स्वतःला क्रोम ब्राउझर म्हणवतोय, तेही कित्येक वर्षं जुन्या व्हर्जनचं. चारशे सतरावं पान कुठला माणूस बघतो हो? मी स्वतः तिसऱ्या पानापुढे कधी गेलेलो नाही.

कोहाच्या शोधात डाव्या बाजूला फिल्टर असतात, लेखक, विषय, साल, भाषा वगैरे. वाचकाला फार उपयोगी. पण प्रत्येक फिल्टर ही एक लिंक असते आणि बॉटला लिंक दिसली की तो ती उघडतो, तिथे आणखी फिल्टर दिसतात, ते उघडतो, असं करत करत अकरा हजार पुस्तकांच्या कॅटलॉगमधून लाखो वेगवेगळे पत्ते तयार होतात. त्यातला प्रत्येक पत्ता म्हणजे सर्व्हरला नव्याने करावा लागणारा शोध. साधं पान एकदा तयार झालं की साठवून ठेवता येतं आणि दुसऱ्याला तेच देता येतं, पण हे शोध कुणी दुसऱ्यांदा मागतच नाही त्यामुळे साठवून उपयोग शून्य. आमचा सर्व्हर त्यात मरत होता. स्कॅन केलेल्या पुस्तकांना तर बॉटनी जेमतेम हात लावलेला.

माणूस आणि बॉट वेगळे कसे काढले तेही सांगतो, कारण हे कुणालाही करता येतं. माणूस पान उघडतो तेव्हा त्याचा ब्राउझर पानाबरोबर चित्रं, फॉन्ट, रंगरूपाच्या फाइल असं सगळं मागतो, तर आमच्याकडचे बहुतेक बॉट नुसता मजकूर उचलून निघून जात होते. दुसरं, माणसं झोपतात. मी चोवीस तासांचा आलेख काढला, ज्यांनी चित्रं मागितली त्यांची रेघ सकाळी चढते, दुपारी जेवणानंतर उतरते, रात्री दहाला परत वर जाते आणि दोन ते पाच जवळजवळ जमिनीला. बाकीच्यांची रेघ चोवीस तास सपाट. या हिशोबाने दहातल्या नऊ रिक्वेस्ट माणसाच्या नव्हत्या. त्यातल्या थोड्या प्रामाणिक, म्हणजे आपलं नाव सांगून येणाऱ्या, सर्च इंजिनच्या आणि एआय कंपन्यांच्या. बाकी सगळ्या वेश बदलून.

हे फक्त आमचंच आहे का

नाही. इम्पर्वा ही कंपनी दरवर्षी बॉटवर अहवाल काढते, त्यांच्या हिशोबाने २०२४ साली वेबवरच्या ट्रॅफिकमध्ये ५१ टक्के वाटा ऑटोमॅटिक होता, दहा वर्षांत पहिल्यांदा माणसांपेक्षा जास्त, आणि त्यात ३७ टक्के वाईट बॉट, १४ टक्के चांगले. आदल्या वर्षी हाच एकूण आकडा ४९.६ होता. आता क्लाउडफ्लेअरचा २०२४ चा अहवाल बघा, तिथे बॉटचा वाटा ३१ टक्क्यांच्या आसपास येतो. दोन्ही कंपन्या मोठ्या आणि दोन्ही बॉटपासून संरक्षणच विकतात, पण आकड्यात एवढा फरक, कारण प्रत्येकजण आपल्या गिऱ्हाइकांच्या साइटवरून जाणारा ट्रॅफिक मोजतो आणि बॉट कशाला म्हणायचं ते आपापलं ठरवतो. म्हणून "अर्धं इंटरनेट बॉट आहे" हे वाक्य मी सांभाळून वापरतो. ती सरासरी आहे, आणि आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे माणसं कमी आणि पानं उदंड, तिथे बॉटचा वाटा सरासरीच्या कितीतरी वर असतो.

मला जास्त पटलं ते विकिमीडियाने, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने, एप्रिल २०२५ मध्ये मांडलेलं. त्यांच्याकडे पानं बघण्यात बॉटचा वाटा साधारण ३५ टक्के, पण सर्व्हरला सगळ्यात महाग पडणाऱ्या ट्रॅफिकमध्ये मात्र ६५ टक्के. कारण माणसं लोकप्रिय पानांवर जातात, ती जवळच साठवलेली असतात, आणि बॉट कोपऱ्यातलं, कुणी न बघितलेलं पान मागतो, ते लांबून मुख्य सर्व्हरवरून आणावं लागतं. आमच्या पान ४१७ चीच गोष्ट, फक्त मोठ्या प्रमाणात. मुक्त संशोधन साठ्यांची कोआर नावाची जागतिक संघटना आहे, त्यांच्या २०२५ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या नव्वद टक्क्यांहून जास्त साठ्यांनी आक्रमक बॉटचा त्रास सांगितला. हे वाचून मॅडमना जरा बरं वाटलं, तोवर त्या आपलंच काहीतरी चुकलंय असं धरून बसल्या होत्या.

कोणते पर्याय होते

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही पहिली पायरी. १९९४ पासूनची पद्धत, साइटवर एक छोटी फाइल ठेवायची आणि त्यात लिहायचं की अमुक बॉटने अमुक भागात येऊ नये. २०२२ मध्ये त्याला रीतसर प्रमाणाचा दर्जाही मिळाला, पण ती दारावरची पाटी आहे, कुलूप नाही. आम्ही शोधाचा सगळा भाग बंद म्हणून लिहिलं, नाव सांगून येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दोन दिवसांत ऐकलं, वेश बदलून येणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही.

मग आयपीवर मर्यादा, म्हणजे एका पत्त्यावरून मिनिटाला इतक्याच रिक्वेस्ट. हे आम्ही केलं आणि उलटंच झालं. बॉटचा प्रत्येक आयपी दिवसातून एक-दोनदाच येतो, त्याला मर्यादा लागतच नाही. आणि आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर शेकडो माणसं बाहेरून एकाच आयपीने दिसतात, त्यामुळे अडकले ते आमचे वाचक. गावातल्याच एका शिक्षकांनी फोन केला, "अहो, माझ्या मोबाइलवर तुमची साइट मला फार वेळा आलात म्हणून हाकलतेय, मी आज पहिल्यांदाच उघडलीय." त्याच संध्याकाळी मर्यादा काढली.

परदेश बंद करणं हा पर्याय काकांचा होता. "आपलं वाचनालय तालुक्याचं, ब्राझीलमधून कोण येणार?" वरकरणी बरोबर. भारताबाहेरचं सगळं बंद केलं, साइट लगेच हलकी झाली, आणि सहाव्या दिवशी न्यू जर्सीहून एका बाईंचा मेल आला. त्यांचे आजोबा तरुणपणीच गेले, त्यांच्या कविता आमच्याकडच्या एका जुन्या मासिकात छापलेल्या आहेत, घरात त्यांच्या हातचं दुसरं काही शिल्लक नाही आणि आईच्या वाढदिवसाला त्यांना ते पान मोठं छापून द्यायचं होतं. मॅडमनी मेल बैठकीत वाचून दाखवला. पुढे कुणी काही बोललं नाही, परदेश उघडला. पान मी त्यांना मेलने पाठवलं.

कॅप्चा, म्हणजे चित्रं निवडून आपण माणूस आहोत हे दाखवायला लावणारं कोडं, तेही चाचणी म्हणून लावून बघितलं. आमचे एक जुने सभासद आहेत, निवृत्त मास्तर, डोळ्यांनी दिसत नाही, स्क्रीन रीडरवर कॅटलॉग ऐकतात आणि हवं ते पुस्तक नातीकडून मागवून तिच्याकडून वाचून घेतात. कॅप्चाच्या चित्रातल्या मोटारी त्यांनी कशा निवडायच्या? तो पर्याय तिथेच संपला. आणि सभासदांनाच लॉगिन देऊन बाकी सगळं बंद, हा शेवटचा पर्याय मॅडमनी ऐकूनच घेतला नाही, "मग स्कॅन कशाला केलं, कपाटातच ठेवलं असतं."

बैठकीतला खरा वाद

एप्रिलच्या बैठकीत तांत्रिक गोष्टींपेक्षा जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला आणि तो मला अजून महत्त्वाचा वाटतो. एआय कंपन्यांना आपला मजकूर द्यायचा की नाही? काकांचं म्हणणं स्पष्ट होतं, आपण वर्गणीच्या पैशातून स्कॅन केलं, ते न विचारता नेतात, वर आपलाच सर्व्हर पाडतात, एक ओळ देऊ नका. कार्यकारिणीतल्या एक प्राध्यापिका मात्र म्हणाल्या की उद्या मुलं प्रश्न या यंत्रांनाच विचारणार आहेत, त्यात मराठी येणार ती कुठून, भाषांतरातून आलेली मोडकीतोडकी येणार की आपल्या जुन्या लेखकांची येणार? आपण दार लावलं तर मराठीचंच नुकसान.

मला दोघांचंही पटत होतं. कॉपीराइट संपलेली पुस्तकं तशीही सगळ्यांची आहेत. आमचा राग मजकूर नेण्यावर नव्हता, नेण्याच्या पद्धतीवर होता. त्यातून ठरलं ते असं: मजकूर खुला, शोध बंद. ज्या पुस्तकांचा मजकूर टाइप होऊन तपासून झालाय तो सगळा एका झिप फाइलमध्ये भरायचा, साइटवर ठळक लिंक द्यायची आणि रोबोट्सच्या फाइलमध्येही लिहायचं की सगळं इथे आहे, एकदाच न्या. माणसाने न्यावं, यंत्राने न्यावं.

शेवटी काय केलं

प्रत्येक पुस्तकाचं एक साधं पान रात्री आपोआप तयार होऊन साठवलं जातं, दिवसा ते हजार वेळा मागितलं तरी सर्व्हरला जाणवत नाही. शोधाचे फिल्टर आता लिंक नाहीत, फॉर्मची बटणं आहेत. वाचकाला फरक कळत नाही पण लिंकांवर उड्या मारत जाणाऱ्या बॉटला पुढे रस्ता राहत नाही. हे एक काम सगळ्यात स्वस्त होतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

फक्त शोधाच्या पानापुढे अ‍ॅनुबिस बसवलं. २०२५ च्या सुरुवातीला आलेलं हे फुकट सॉफ्टवेअर, समोरच्या ब्राउझरला एक गणित घालतं, साध्या फोनला एक-दोन सेकंदाचं, आणि वाचकाला काही निवडावं किंवा टाइप करावं लागत नाही. एकट्या वाचकाला दोन सेकंद काहीच नाहीत, लाखो पानं उचलणाऱ्याला तेच फार महाग पडतं. मास्तरांना फोन करून त्यांच्या स्क्रीन रीडरवर आधी तपासून घेतलं, एकदा "थांबा, तपासणी चालू आहे" ऐकू येतं आणि पुढे जातं. हा कायमचा बंदोबस्त नाही हेही बैठकीत सांगितलं, कारण लोकांचे सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवणाऱ्या जर्मनीतल्या कोडबर्ग या साइटने ऑगस्ट २०२५ मध्येच कळवलं की काही बॉट ही गणितं सोडवून आत यायला लागलेत.

एक चूक इथेही झाली. अ‍ॅनुबिस पहिल्या दिवशी पूर्ण साइटवर बसवलं आणि गुगलचा बॉटही बाहेर राहिला. दोन-तीन आठवड्यांत गुगलवर पुस्तकाचं नाव टाकलं तर आमचं पान दिसेना. मग अ‍ॅनुबिस फक्त शोधाच्या पानापुढे ठेवलं आणि खऱ्या गुगलबॉटला मोकळी वाट दिली, पण नावावर विश्वास न ठेवता. गुगलबॉट म्हणवणाऱ्याचा आयपी उलटा शोधायचा, म्हणजे त्यावरून सर्व्हरचं नाव काढायचं, ते नाव गुगलच्या डोमेनवर संपतं का बघायचं, आणि त्या नावावरून परत तोच आयपी मिळतो का तेही बघायचं. असं तपासल्यावर कितीतरी तोतये सापडले.

परिणाम

जून २०२५ पासून साइट पडलेली नाही. प्लॅन परत ४ जीबीवर आणला आणि पुढच्या वर्षीचे वाचलेले पैसे बाइंडिंगकडे वळवले, गेलेले मात्र गेलेच. झिप फाइल एआयवाल्या बॉटपैकी फार थोड्यांनी नेली, बाकीचे अजून एकेक पानच मागत बसतात, म्हणजे आमची अपेक्षा निम्मीच खरी ठरली. पण दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी ती नेली, एकाने तर मजकुरातल्या टायपिंगच्या चुका काढून यादी पाठवली, मॅडम ती घेऊन दोन दिवस बसल्या होत्या.

काउंटर काढून टाकला. माणसांचे आकडे वेगळे काढले तर महिन्याला हजार-बाराशे वाचक निघाले, म्हणजे दिवाळीआधी होते जवळपास तेवढेच. पाचपट काहीच झालं नव्हतं. काकांनी स्वतःहून देणगीदारांना दुसरं पत्र लिहिलं, आधीचा आकडा चुकीचा होता, खरा हा आहे. काकांना भीती होती की देणगी थांबेल. देणगीदारांचं उत्तर आलं, त्यात विचारलं होतं की हजार माणसं महिन्याला वाचतात तर कोणती पुस्तकं वाचतात, यादी पाठवता का.

परत करायचं झालं तर

लॉग पहिल्या दिवसापासून ठेवेन, आता नव्वद दिवसांचा ठेवतो. प्लॅन वाढवण्याआधी एक तासाचा लॉग वाचेन, त्याला पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते. काही बंद करण्याआधी चार वेगवेगळ्या वाचकांना विचारेन, एक मोबाइलवाला, एक परदेशातला, एक मास्तरांसारखा आणि एक जुना कॉम्प्युटर वापरणारा, कारण आमचा प्रत्येक चुकलेला उपाय यांच्यापैकीच कुणावर तरी जाऊन आदळला. आणि फिल्टरच्या लिंका मी सगळ्यात शेवटी बदलल्या, त्या सगळ्यात आधी बदलायच्या.

परदेश बंद केला होता ते सहा दिवस किती जण येऊन परत गेले ते मात्र काढता आलं नाही. मेल एकीनेच केला. तेवढ्यासाठी मॅडमनी आता अडवलेल्या पानावरच वाचनालयाचा फोन नंबर टाकायला लावलाय, सकाळी नऊ ते बारा, तो त्या स्वतः उचलतात.